कूलर पेलणारं इंजिन

आमच्या घरातला राग सगळा माझ्या एकटीच्या वाट्याला आला. बाबा सरकारी ऑफिसात हेडक्लार्क, कुणी अंगावर ओरडलं तरी ‘अच्छा, ठीक आहे’ म्हणून पुढची फाइल उघडणारे. आई त्यांच्याहून मऊ. सकाळी बुद्धवंदना म्हणायची तर शेजारच्या खोलीत ऐकू जायचं नाही. नागपूरहून येणारा प्रत्येक पाहुणा दोन दिवसांत विचारायचा, ही पोरगी गेली कुणावर? मला त्यात अभिमान वाटायचा. चार शब्द ठणकावून सांगणारं घरात कुणीतरी हवंच, नाहीतर दिल्लीत लोक डोक्यावर बसतात, असं माझं ठाम मत होतं.

तेव्हा मी फरीदाबादला नोकरी करत होते. देशाची दारं उघडली होती म्हणे, परदेशी गाड्या येणार होत्या, आणि त्या गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी तपासनीस होते. मेकॅनिकलचा डिप्लोमा, तोही मुलीनं केलेला, म्हणून सुरुवातीला लोक मला नुसतं बघायला यायचे. केसाएवढा फरक दाखवून मी त्यांचा माल परत पाठवायला लागले, तेव्हा यायचे बंद झाले. रोज सकाळी मयूर विहारहून कारखान्याची बस, संध्याकाळी परत. सुट्टी मात्र रविवारी नाही, आठवड्याच्या मधल्याच एका वारी. विजेचा ताण पडू नये म्हणून कारखान्यांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या वारी वाटलेल्या असत.

इतकं करूनही वीज पुरायची नाहीच. आमच्या सोसायटीत प्रत्येक घरात रंगीत टीव्ही आला, वॉशिंग मशीन आलं, कुणाकुणाकडे एसी आला, आणि तारा त्याच जुन्या. मे महिन्यात दुपारी बारा-एकला लाइट जायची ती तीन-चारला यायची. बाहेर लूची गरम झळ सुटलेली, आत पंखा बंद.

बाकीचे लोक घामाघूम होऊन तक्रार करायचे. आमच्याकडे त्याचं भय होतं. आदल्या उन्हाळ्यात अशाच एका दुपारी आई स्वयंपाकघरात कोसळली होती. अंग तव्यासारखं, घाम नाही, मला ओळखेना. तीन दिवस दवाखान्यात काढले. डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं की एकदा असं झालं की शरीर पुन्हा तो ताप सहन करत नाही, पुढच्या वेळी सांगता येत नाही. आईनं ते हसण्यावारी नेलं. मी नागपूरच्या उन्हात वाढलेली, मला तुमच्या दिल्लीचं ऊन काय करणार, म्हणाली. मी मात्र त्या दिवशी मनाशी पक्कं केलं की येत्या मे महिन्यात दुपारी आई कूलरच्या वाऱ्यातच असेल, लाइट असो की नसो.

आमच्याकडे एक छोटा जनरेटर होता. बाबांनी कुणाकडून तरी जुना आणलेला, दोन माणसांनी सहज उचलावा एवढा, एका सिलिंडरचा. पेट्रोलवर सुरू करायचा आणि तापला की खटका फिरवून रॉकेलवर चालवायचा. तो आईच्या खोलीबाहेरच्या बाल्कनीत कोपऱ्यात ठेवलेला असे. एक पंखा आणि एक ट्यूबलाइट एवढंच त्याचं काम. कूलरही तिथंच, बाल्कनीवर उघडणाऱ्या खिडकीत बसवलेला, तोंड खोलीत आणि पाठ बाल्कनीत. जनरेटरवर कूलर लावून पाहिला की इंजिन घुर्र करायचं, ट्यूब मिणमिणायची आणि सगळंच बंद पडायचं. बाबा म्हणायचे, जाऊ दे, त्याची तेवढीच ताकद आहे.

हे वाक्य मला चालण्यासारखं नव्हतं. मी जनरेटर उघडून बसले. त्याच्या वीज बनवणाऱ्या भागावर आकडे लिहिलेले होते आणि तो भाग कूलर आरामात पेलणारा होता. दम कमी पडत होता तो इंजिनात. इंजिनाच्या फेऱ्या वाढवून चालणार नव्हतं, तसं केलं तर घरातले पंखे-दिवे जळाले असते. म्हणजे फेऱ्या तेवढ्याच ठेवायच्या आणि प्रत्येक ठोक्याचा जोर वाढवायचा. आता रॉकेल फार दाबलं की खडखड करतं, म्हणून बनवणाऱ्यांनी सिलिंडरच्या वर जागा ऐसपैस ठेवलेली होती. मी ठरवलं, रॉकेल बंद. फक्त पेट्रोलवर चालवायचं, आणि ती जागा कमी करायची. पेट्रोल जितकं घट्ट दाबाल तितकं जोरात ढकलतं.

माझ्या तीन सुट्ट्या त्यात गेल्या. इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, मी पिशवीत घालून कारखान्यात नेलं. टूलरूमच्या उस्तादांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, मॅडम, कितना? सव्वा मिलिमीटर, म्हटलं. त्यांनी ते आरशासारखं घासून दिलं. झाकण खाली आलं की आतले व्हॉल्व्ह त्याला टेकतील की काय, ही एक धास्ती होती. ते बघायला मी आईकडे कणीक मागितली. व्हॉल्व्हवर कणकेच्या दोन गोळ्या ठेवल्या, झाकण बसवलं, चाक हातानं फिरवलं, पुन्हा उघडलं आणि चपट्या झालेल्या गोळ्यांची जाडी मोजली. जागा शिल्लक होती. आई दारात उभी राहून बघत होती. पोळ्यांना पुरेल ना तेवढी ठेव गं, एवढंच म्हणाली.

मग हवा आत यायची वाट काडीला एमरी पेपर गुंडाळून गुळगुळीत केली. सायलेन्सरच्या आतल्या पत्र्या कापून काढल्या, धूर सरळ बाहेर पडावा म्हणून. शेवटी राहिलं ते पेट्रोल सोडणारं जेट. त्याचं भोक बारीक ड्रिल दोन बोटांत धरून मोठं केलं. थोडं जास्तच मोठं झालं. सुरू केल्यावर धूर काळपट यायला लागला. कमी पेट्रोलपेक्षा जास्त पेट्रोल बरं, इंजिन थंड राहतं, असं मी स्वतःला सांगितलं. कारखान्यात दुसऱ्या कुणी असं जेट आणलं असतं तर मी त्याच्या तोंडावर परत फेकलं असतं. स्वतःच्या हातचं होतं, म्हणून पास केलं.

आणि ते चाललं. ट्यूब लावली, पंखा लावला आणि मग कूलरचं बटण दाबलं. इंजिन क्षणभर खाली बसलं, मग छाती भरून घेतल्यासारखा आवाज करत वर आलं आणि चालत राहिलं. कूलरचा वारा खोलीत भरला. त्याच आठवड्यात मामानं नागपूरहून वाळ्याच्या नव्या ताट्या पाठवल्या होत्या, त्याही मीच बसवल्या. दिल्लीवाले कूलरला लाकडाचा भुसा लावतात, आमच्या लोकांना वाळ्याशिवाय उन्हाळा उन्हाळा वाटत नाही. ओल्या वाळ्याचा तो वास आला आणि आईनं डोळे मिटून घेतले. बाबा ऑफिसातून आले ते बूट न काढताच बाल्कनीत जाऊन उभे राहिले. वरच्या मजल्यावरच्या पंजाबी आंटी खास बघायला खाली आल्या आणि म्हणाल्या, लड़की ने कमाल कर दिया. मी शेफारले. का शेफारू नये, असंही तेव्हा वाटलं.

त्यानंतर रोजचा क्रम ठरला. मी कामावर, बाबा ऑफिसात. दुपारी लाइट गेली की आईनं जनरेटरची दोरी ओढायची, कूलर लावायचा आणि आपल्या खोलीत पडून राहायचं. मी तिला दोरी ओढायला शिकवली होती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी संध्याकाळी ती म्हणाली, "डोकं फार दुखतं गं. कूलरच्या खोलीत पडलं की जास्तच."

"उन्हानं दुखतं," मी म्हटलं. "तू मधेमधे स्वयंपाकघरात उठून जात असशील. पडून राहा गप."

"वास पण कसातरी येतो."

"नव्या ताट्यांचा वास आहे तो. तुला वाळ्याचा वास कळत नाही का आता?"

दोन दिवसांनी बस लवकर सुटली म्हणून मी भर दुपारी घरी आले. लाइट गेलेली, जनरेटर बंद, कूलर बंद, आणि आई बाहेरच्या खोलीत फरशीवर ओला पंचा डोक्यावर घेऊन बसलेली. माझं डोकंच फिरलं.

"बंद का केलास?"

"मळमळतं गं. घाबरल्यासारखं होतं आत."

"मळमळतं? मागच्या वर्षी काय झालं होतं विसरलीस? तीन सुट्ट्या घातल्या मी यार, हाताची सालटी निघाली. कुणासाठी केलं हे सगळं? आणि तू बंद करून फरशीवर बसतेस. मरायचंच असेल तर नागपूरला जाऊन मर, मला दाखवू नकोस."

हो, मी असंच म्हटलं. शब्दन् शब्द. आईनं पंचा बाजूला ठेवला, उठली, बाल्कनीत गेली आणि स्वतः दोरी ओढून जनरेटर सुरू केला. मग खोलीत जाऊन पडली. मला वाटलं, बोलल्याशिवाय या घरात काही होत नाही.

त्यानंतर मी रोज संध्याकाळी आल्या-आल्या टाकीचं झाकण उघडून पेट्रोल किती खाली गेलं ते बघायचे. रोज बरोबर गेलेलं असायचं. डोकं कसं आहे, विचारलं की आई म्हणायची, आता बरं आहे, काही दुखत नाही. चेहराही ठीक दिसायचा. मी विजयी मुद्रेनं बाबांकडे बघायचे आणि बाबा अच्छा म्हणायचे.

मधल्या सुट्टीला नेमकी दिवसभर लाइट होती. मग माझी पुढची सुट्टी आली. साडेबाराला लाइट गेली. आई भाजी निवडत होती. मी म्हटलं, "ऊठ, चल आत. आज मी आहे, मीच लावते." ती एकदा जिन्याच्या दाराकडे बघून उठली. मी जनरेटर सुरू केला, कूलर लावला, तिला पलंगावर झोपवलं, वरून पांघरूणसुद्धा घातलं. दार पूर्ण बंद करू नको, कूलरची हवा बाहेर जायला फट लागते, असं ती म्हणाली. मी दोन बोटांची फट ठेवली आणि बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसले. इंजिनाचा आवाज ऐकत होते. एकसारखा, न अडखळता चाललेला. मला तो आवाज इतका आवडायचा की मी पेपर नुसताच धरून बसले होते. माझंही डोकं जरा जड झालं होतं. ऊनच तसं होतं त्या दिवशी.

दीड-पावणेदोन तासांनी मी तिला ताक द्यायला आत गेले. ती एका कुशीवर होती, उशीवर ओकारी पडलेली. हाक मारली, उठेना. हलवलं, मान लुळी. मला एकच सुचलं, ऊन लागलं, पुन्हा ऊन लागलं. म्हणून मी काय केलं, तर कूलरचं बटण फिरवून वारा मोठा केला आणि तिला पलंगावर ओढत ओढत कूलरच्या अगदी तोंडाशी नेलं. तोंडावर पाणी मारलं. आंटी, आंटी, म्हणून ओरडले.

आंटी धावत खाली आल्या. खोलीत येऊन आईच्या जवळ वाकल्या आणि तशाच मागे सरकल्या. नाकाला ओढणी लावून म्हणाल्या, "यहाँ तो धुआँ भरा है. बाहर निकालो इसे, जल्दी." धूर कुठे आहे, मला दिसत नव्हता. मला वाळ्याचा वास येत होता. पण त्यांनी आईच्या काखेत हात घातले, मी पाय धरले, आणि आम्ही तिला जिन्यात नेऊन ठेवलं. तिथं भट्टीसारखं गरम होतं. एवढ्या गरम जागी आईला कशाला आणलं म्हणून मी आंटींवरसुद्धा खेकसले. मग रिक्षा, मग दवाखाना.

तरुण डॉक्टर होता. त्यानं डोळे बघितले, नाडी बघितली, ऑक्सिजन लावायला सांगितला आणि मला विचारलं, "घर में अंगीठी जलाई थी?"

मे महिन्यात शेगडी कोण पेटवेल? मी तसं म्हटलंही, जरा तावातच. तो म्हणाला की हिवाळ्यात लोक बंद खोलीत शेगडी लावून झोपतात, त्यांच्यासारखीच ही केस दिसते आहे म्हणून विचारलं. मग त्यानं विचारलं, जनरेटर आहे का? आहे. कुठे? बाल्कनीत, बाहेर, उघड्यावर. आणि खोलीत हवा कुठून येते?

मी तोंड उघडलं, "कूलरमधून," असं म्हणाले आणि तिथंच थांबले.

मी हे काय करून बसले होते ते मला त्या टेबलासमोर उभं असताना कळलं. कूलर बाल्कनीतली हवा ओढून खोलीत सोडतो. बाल्कनीत जनरेटर. आधी जनरेटरवर फक्त पंखा चालायचा, तेव्हा खिडकीतला कूलर बंद असायचा, धूर बाहेरच्या बाहेर उडून जायचा. इंजिनात कूलर चालवण्याची ताकद नव्हती, म्हणून आई वर्षभर सुखरूप होती. ती ताकद मी घातली. धूर सरळ बाहेर पडावा म्हणून पत्र्या कापल्या त्याही मी. जेट मोठं करून, पेट्रोल अर्धवट जळू देऊन तो धूर आणखी विषारी केला तोही मीच. वर वाळ्याच्या ताट्या लावल्या, म्हणजे कुणाला वाससुद्धा येऊ नये. मी तपासनीस. लोकांचा माल केसाएवढ्या फरकानं परत पाठवणारी.

डॉक्टर काहीतरी विचारत राहिला, किती वेळ होत्या, आधी कधी त्रास झाला होता का. आंटींनीच मध्ये पडून सांगितलं ते सांगितलं. बाबा ऑफिसातून आले, मला बघून काहीच बोलले नाहीत, आईच्या पायाशी जाऊन बसले. त्यांनी एक शब्द तरी बोलायला हवा होता. मी त्यांच्या जागी असते तर दवाखाना दणाणून सोडला असता.

तासाभरानं आई थोडी हलली. डॉक्टर म्हणाला, वाचल्या, वेळेवर बाहेर काढलंत. मी बाहेर येऊन बाकावर बसले. आंटी शेजारी होत्या. डोळे पुसत म्हणाल्या, "मैं तो सोच रही थी, आज ऊपर क्यों नहीं आई."

"ऊपर?"

त्यांना वाटलं मला माहीत आहे. रोजच येते, म्हणाल्या. आठवडाभर. लाइट गेली की जनरेटर लावते, कूलर लावते आणि रिकामी खोली तशीच चालू ठेवून वर येऊन बसते. वर त्यांच्याकडेही लाइट नसायची, शिवाय छतालगतची खोली, आमच्यापेक्षा दुप्पट तापलेली. दोघी ओले पंचे डोक्यावर घेऊन बसायच्या. जनरेटर मग बंद का नाही करत, असं आंटींनी तिला एकदा विचारलं होतं. तेव्हा ती म्हणाली होती, मुलगी संध्याकाळी पेट्रोल बघते.

ऊन लागून मरू नये म्हणून जिच्यासाठी हे सगळं केलं, ती माझ्या धाकानं रोज दुपारी तापलेल्या छताखाली जाऊन बसत होती, आणि मी टाकीत वाकून खूश होत होते.

संध्याकाळी नर्सनं पाणी पाजण्यापुरता तिच्या तोंडावरचा मास्क काढला. मी वाटी धरली. तिनं दोन घोट घेतले आणि माझ्याकडे बघितलं. ओळखत होती. मी म्हटलं, "आई, तू रोज वर जात होतीस?"

ती जरा ओशाळली, चोरी सापडल्यासारखी. "वर डोकं नाही दुखायचं," म्हणाली.

"मग मला सांगायचं नाही?"

तिनं दोनदा सांगितलं होतं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. पण तेवढं बोलून दाखवायचीही तिची रीत नाही. तिनं माझ्या हातावर हात ठेवला, सालटी निघालेल्या जागेवर, आणि बोट फिरवत राहिली.

"मग आज का नाही गेलीस?" मी विचारलं.

"आज तू घरी होतीस ना," आई म्हणाली.